सरकारी पैसा, शेती आणि गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुठल्या समितीने काढलेले नाहीत. गावच्या विकास सोसायटीच्या ओट्यावर, सेतू केंद्राच्या रांगेत, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने आणि पुण्यात नोकरी करून गावाकडची शेती वाट्याने दिलेल्या मित्रांनी ते विचारलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. योजनांचे आकडे आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी ताजा जीआर बघून घ्या.

"सरकार देतं" म्हणतात, म्हणजे नेमकं कोण देतं?

राज्यघटनेप्रमाणे शेती हा राज्याचा विषय, पण पैसा तीन-चार वाटांनी येतो. पीएम किसानचे ६ हजार पूर्णपणे केंद्राचे. नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६ हजार राज्याचे. ठिबक, यांत्रिकीकरण अशा बऱ्याच योजनांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० रुपये. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, सुरुवातीला मराठवाडा, विदर्भ आणि जळगावच्या गावांत आला. त्यातला सुमारे ७० टक्के पैसा जागतिक बँकेचं कर्ज होतं. ते कर्ज गावाला फेडायचं नाही, राज्याला फेडायचं आहे. राज्य म्हणजे शेवटी कोण, हे तुम्ही जाणताच.

रोजगार हमीचा पैसा शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापतात, हे खरं आहे?

खरं आहे, आणि महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांना ते माहीत आहे. पगारपत्रकावर "व्यवसाय कर" असा एक रकाना असतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. हा कर १९७५ च्या कायद्याने बसला तो रोजगार हमीसाठीच. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी बांधणी होती.

त्यामागची हकीकत सांगण्याजोगी आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला या कल्पनेचा प्रयोग केला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. आजही सत्तरी ओलांडलेला माणूस "बहात्तरला" म्हणाला की पुढे खडी, सुकडी आणि मिलो हे तीन शब्द येतातच. बायका-पोरं खडी फोडायला बसायची, दुपारी सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, ती मिलो. दुष्काळी कामांवर त्या काळात लाखो माणसं होती. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची मेहेरबानी नाही, कायदेशीर जबाबदारी आहे, असं लिहून देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा, म्हणजे मनरेगा, २००५ चा, म्हणजे आपल्यानंतर पाव शतकाने.

मग त्या पैशाने गावात काय ठेवलं? खड्डे खणले आणि बुजवले, असंच ऐकतो.

तसं झालं, नाही कशाला म्हणू? पण तेवढंच झालं नाही. तुमच्या तालुक्यातल्या पाझर तलावांची वर्षं विचारा. पुष्कळ तलाव बहात्तर-त्र्याहत्तरचे निघतील. त्यांत गाळ भरला आहे, पण खालच्या विहिरींना अजून त्यांचाच आधार आहे. गावाला जोडणारा जुना रस्ता, डोंगरउतारावरचे समतल चर, नालाबांध हे त्याच खात्यातले.

सगळ्यात दूरवर गेलेला निर्णय १९९० चा: रोहयोतून, म्हणजे रोजगार हमी योजनेतून, फळबाग. खड्डा खणण्याची, रोप लावण्याची, पाणी घालण्याची मजुरी हमीच्या पैशातून, आणि झाड मात्र शेतकऱ्याचं. सांगोला-आटपाडीकडच्या माळांवर बोर आणि डाळिंब वाढलं, कोकणात कातळावर आंबा आणि काजू चढला, त्यात या निर्णयाचा मोठा हात आहे. मजुरीवरचा खर्च एकदाच झाला आणि झाड वीस-तीस वर्षं देत राहिलं. सरकारी पैशाचा परिणाम मोजायचा तर मला हाच गज बरा वाटतो: पैसा संपल्यानंतर मागे काय उरलं? या पानावरची बहुतेक उत्तरं मी याच गजाने मोजली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

आता हमीच्या कामावर मजूर का मिळत नाहीत?

२०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्याच गावात कापूस वेचणीला, कांदा लागवडीला उक्तं काम घेतलं तर त्याहून जास्त सुटतं आणि पैसे त्याच संध्याकाळी हातात. हमीवर हजेरी मोबाइलवर, फोटो सकाळी आणि दुपारी, मग मोजमाप, मग पैसे खात्यावर कधीतरी. मजूर हिशेबी असतो. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी आपला पगार दोन महिने उशिरा घेऊन बघावा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवस आहेत, पण आधी अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राचा होता, आता खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यांवर आला आहे. शिवाय पेरणी-काढणीच्या दिवसांत काही काळ कामं थांबवण्याची मुभा आहे. राज्याच्या तिजोरीची ओढाताण असेल त्या वर्षी या हमीचं काय होतं, ते बघावं लागेल.

अनुदान आधी मिळतं की वस्तू घेतल्यावर?

घेतल्यावर. सगळी गोम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" आहे. शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रीस्टॅकचा नंबर, आता लागतोच. निवड झाली की मेसेज येतो. मग सातबारा, आठ-अ, कोटेशन चढवायचं. त्यानंतर पूर्वसंमती. ही मिळण्याआधी वस्तू घेतली तर अनुदान गेलंच म्हणून समजा. पूर्वसंमतीनंतर ठरलेल्या मुदतीत खरेदी करायची, जीएसटीचं पक्कं बिल घ्यायचं, पैसे शक्यतो बँकेतून द्यायचे, बिल चढवायचं. मग कृषी सहायक (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी झालं आहे, पण गावात अजून सगळे सहायकच म्हणतात) मोका तपासणीला येतो, ठिबकच्या नळ्यांशेजारी तुम्हाला उभं करून जिओ टॅगचा फोटो काढतो. त्यानंतर फाइल पुढे सरकते आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर येतात.

कागदावर ही साखळी निर्दोष आहे. पण यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: शेतकऱ्याकडे आधी भरायला पूर्ण रक्कम आहे. आमच्या घरच्या दोन एकराच्या ठिबकचे पैसे यायला चौदा महिने लागले. मधल्या काळात वडिलांनी ती रक्कम पाहुण्यांकडून उसनी घेतली होती आणि दर सणाला त्या घरी जाताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी बघितलं आहे. निधी आला नव्हता, एवढंच कार्यालयातून कळायचं. यात कुणी लाच मागितली नाही की कुणी फाइल दडवली नाही. तरीही चौदा महिने.

ज्याच्याकडे ती रक्कम नाही तो काय करतो? तो अर्जच करत नाही. किंवा "तुम्ही फक्त तुमचा हिस्सा द्या, बाकी आम्ही बघतो" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे जातो. तो विक्रेता थांबण्याचं भाडं वस्तूच्या दरात लावतो. म्हणजे अनुदानातला एक तुकडा शेतात पोचण्याआधीच दुकानात राहतो.

ठिबकला ८० टक्के अनुदान आहे ना? मग माझ्या खिशातून निम्मे कसे गेले?

कारण ८० टक्के हे तुमच्या बिलाचे नाहीत, सरकारने ठरवलेल्या मापदंडाचे, म्हणजे ठरवून दिलेल्या खर्चाचे आहेत. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. महाराष्ट्र त्यात मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेतो. आता समजा तुमच्या क्षेत्राला मापदंड १ लाखाचा आहे आणि चांगल्या कंपनीचा संच, फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यातून खत सोडायचं साधन) धरून बिल १ लाख ३० हजार झालं. अनुदान ८० हजार. तुमचे ५० हजार. म्हणजे बिलाच्या हिशेबात अनुदान ६१-६२ टक्के. यात जुनी पाइपलाइन बदलावी लागली, मोटारीची अश्वशक्ती पुरली नाही, तर तो खर्च वेगळाच.

एवढं असूनही ठिबक हा अनुदानाचा बरा उपयोग आहे, हे मी मान्य करतो. मात्र "पाणी वाचलं" असं म्हणताना जरा थांबा. एका एकरात वाचलेलं पाणी शेतकरी विहिरीत ठेवत नाही, शेजारच्या एकराला देतो. त्याचं उत्पन्न वाढतं, पण भूजलाची पातळी वाढेलच असं नाही.

म्हणजे शेवटी फायदा बागायतदारालाच?

बऱ्याच अंशी. ज्याला विहीर आहे त्याला ठिबक, ज्याला ठिबक आहे त्याला फळबाग, ज्याला फळबाग आहे त्याला पॅकहाऊस आणि शीतगृह. प्रत्येक योजना आधीच्या पायरीवर उभ्या असलेल्यालाच वर ओढते. कोरडवाहू माणूस पहिल्याच पायरीखाली उभा.

मोफत विजेचंही तसंच. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल राज्य सरकार भरतं. म्हणजे पंप असणाऱ्याचं भरतं. ज्याच्याकडे पाणीच नाही त्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. तिथेही आधी पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो.

माझं नाव सातबाऱ्यावर नाही, शेत मात्र मीच कसतो. मला काय मिळेल?

प्रामाणिक उत्तर: जवळजवळ काही नाही. या सगळ्या व्यवस्थेचा दरवाजा सातबारा हा आहे. वाट्याने, खंडाने, अर्धेलीने कसणाऱ्याचं नाव त्यावर नसतं, कारण करार तोंडी असतो. तो लेखी करायला मालक तयार नसतो, कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागण्याची, भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. परिणाम असा की पीएम किसानचा हप्ता, नुकसानभरपाई, शून्य टक्क्याचं पीककर्ज हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जातं आणि गारपिटीत उभा राहिलेला माणूस वेगळाच असतो. माझ्या ओळखीचे काही मालक भरपाईचे पैसे वाटेकऱ्याला देतात. काही विसरतात.

बायकांची गत तीच. खुरपणी, वेचणी, पेरणीमागे खत टाकणं हे बहुतेक त्यांचं काम. सातबाऱ्यावर मात्र नवरा किंवा सासरा. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि नंतर सरकारनेही ती योजना म्हणून घेतली, ती याचसाठी: नवऱ्याने आपल्या हयातीत बायकोच्या नावे जमीन करावी किंवा तिचं नाव लावावं. अर्ज करून तलाठ्याकडे हे आजही करता येतं आणि त्यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. आत्महत्याग्रस्त घरातल्या बाईला वारस नोंदीसाठी हेलपाटे घालताना ज्याने बघितलं आहे, त्याला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

शेततळ्यांनी दुष्काळ हटला का?

शेततळं दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्हींना एकाच नावाने हाक मारतात, तिथे घोटाळा होतो.

एक तळं उताराच्या खालच्या अंगाला खणलेलं, इनलेट-आउटलेट असलेलं. पावसाचं वाहतं पाणी त्यात येतं, थोडं झिरपतं, थोडं संरक्षित पाण्यासाठी वापरता येतं. २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" आलं तेव्हा डोळ्यांपुढे हे चित्र होतं. दुसरं तळं रानाच्या उंच भागात, भराव घालून जमिनीच्या वर उचललेलं, आत काळ्या किंवा निळ्या प्लास्टिकचं अस्तर. त्यात पावसाचं पाणी येण्याची सोयच नसते. ते भरतं विहिरीतून, बोअरमधून, ऑगस्ट ते डिसेंबर मोटार चालवून. जमिनीखालचं, सगळ्यांच्या मालकीचं पाणी वर काढायचं, उन्हात उघडं ठेवायचं आणि त्यावर आपली कुलूपबंद मालकी लावायची. मार्चमध्ये ज्याचं तळं भरलेलं, त्याची द्राक्षबाग वाचते. शेजाऱ्याची विहीर मात्र जानेवारीतच खडखडते.

दुसरं तळं बांधणाऱ्याला मी दोष देत नाही. बागेवर एकरी लाखोंचं कर्ज असताना कुणीही तेच करेल. पण सार्वजनिक पैशाने सामाईक पाण्याचं खासगीकरण करायला मदत होते आहे, हे योजनेच्या अहवालात "इतकी शेततळी पूर्ण" एवढंच छापलं की दिसत नाही.

हिवरे बाजारला जे जमलं ते दुसरीकडे का जमत नाही? पैसा तर तेवढाच येतो.

पैसा तेवढाच येतो, म्हणूनच हा प्रश्न चांगला. नगर (आता अहिल्यानगर) तालुक्यातल्या हिवरे बाजारला पाऊस कमी, जमीन हलकी. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पैसा आदर्श गाव योजनेतून, रोहयोतून, वनखात्यातून, म्हणजे सगळ्या गावांना ज्या खात्यांतून मिळतो त्याच खात्यांतून आला. फरक नियमांत होता. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, आणि सगळ्यात कडक म्हणजे शेतीसाठी बोअरवेलला बंदी. दर वर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: एवढा पाऊस पडला, एवढं पाणी आहे, तर रब्बीत काय पेरायचं आणि काय नाही.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीलाही नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा काम झालं. आधी डोंगर, मग उतार, शेवटी नाला. घाई केली नाही. तिथे पुढे द्राक्षं आली.

आता याच्या शेजारी राज्याचं जलसंधारणाचं अभियान, जलयुक्त शिवार, ठेवा. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानावर ९ हजार ६०० कोटींहून जास्त खर्च झाला. २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या कॅगच्या (सरकारी खर्चाचे लेखापरीक्षक) अहवालाने म्हटलं की पाण्याबाबत गावं स्वयंपूर्ण होणं आणि भूजल पातळी वाढणं या दोन्ही बाबतींत त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. मला या अभियानाचा सरसकट निकाल लावायचा नाही, काही गावांत चांगली कामं झाली. पण जेसीबीने नाला खोल-रुंद करणं हे एका आठवड्याचं काम आणि फोटोला सोपं. बोअर घेऊ नका हे चुलत भावाला सांगणं हे वीस वर्षांचं काम, आणि त्याचं बिल कुठल्याच खात्यात लागत नाही.

मोठ्या धरणांवरचा खर्च?

एकच उदाहरण देतो. भंडारा जिल्ह्यातलं गोसीखुर्द. भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या पुढे गेला. ज्या पोराचा जन्म त्या वर्षी झाला, त्याला आज पोरं आहेत आणि वितरिकेचं काम अजून "प्रगतिपथावर" आहे.

वर्षाला १२ हजार मिळतात. त्याचा शेतीवर परिणाम होतो का?

पीएम किसान २०१९ पासून, नमो २०२३ पासून. दोन्ही मिळून १२ हजार, दर चार महिन्यांनी. शेतीत गुंतवणूक म्हणून बघितलं तर ही रक्कम एका एकर सोयाबीनच्या बियाणं-खताला कशीबशी पुरते. घरखर्च म्हणून बघितलं तर फार उपयोगी आहे. जूनमध्ये पोराची वह्या-पुस्तकं, आजीच्या गोळ्या, किराणावाल्याची उधारी. रक्कम सपाट असल्यामुळे एक एकरवाल्याला तिचं मोल दहा एकरवाल्यापेक्षा जास्त, हा हिच्या बाजूने बोलण्याजोगा मुद्दा. मध्यस्थ नाही, हा दुसरा. पण १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेणारा यात बसत नाही (वारसाने आलेली चालते), आणि भूमिहीन मजूर तर मुळातच बाहेर.

शून्य टक्क्याचं पीककर्ज मिळतं, मग सावकार कसा टिकला?

वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य: काही सवलत केंद्राची, उरलेली राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची. पण "वेळेत" म्हणजे सहसा ३१ मार्चच्या आत. त्या दिवसांत कापसाचे पैसे आलेले नसतात, कांदा रानात असतो, उसाचं बिल अडकलेलं असतं. मग नवं-जुनं करतात. सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी शेकडा दोन-तीनने पैसे उचलायचे, सोसायटीचं खातं बेबाक करायचं, एप्रिलमध्ये नवं कर्ज उचलून सावकाराला परत द्यायचं. सोसायटीची वसुली कागदावर झकास दिसते. सरकारने भरलेल्या व्याजसवलतीतला एक वाटा, बघायला गेलं तर, सावकाराच्या दहा दिवसांच्या व्याजात जातो.

कर्जमाफीबद्दल थोडक्यात: २००८, २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांनी बुडालेल्या अनेकांना पुन्हा कर्जासाठी पात्र केलं, हे खरं. नियमित फेडणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटलं, हेही खरं. २०१९ च्या योजनेत नियमितांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन दिलं ते त्यामुळेच.

युरियावर सरकार एवढं अनुदान देतं, मग आम्हाला ते दिसत का नाही?

कारण ते कंपनीला जातं. ४५ किलोची गोणी तुम्हाला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. कृषी सेवा केंद्रात तुम्ही पॉस मशीनवर अंगठा टेकवता तेव्हा ती विक्री नोंदली जाते आणि कंपनीचं अनुदान सुटतं. त्या मशीनच्या पावतीवर अनुदानाची रक्कम छापलेली असते, एकदा वाचून बघा.

या स्वस्ताईचा परिणाम रानात दिसतो. २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना ठरावीक अनुदान मिळतं, त्यामुळे त्यांचे भाव हलतात. युरियाचा हलत नाही. मग हात युरियाकडेच जातो. पीक हिरवंगार, काळंभोर दिसतं, मावा-तुडतुडे वाढतात, फवारणी वाढते. टंचाईत दुकानदार युरियासोबत दुसरं काहीतरी गळ्यात मारतो, त्याला सगळेच "लिंकिंग" म्हणतात. तक्रार केली तर पुढच्या वेळी "माल नाही" हे उत्तर ठरलेलं.

एक रुपयात पीकविमा बंद का झाला?

२०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा राज्य भरत होतं. अर्जांचा पूर आला, त्यात दुसऱ्याच्या, सरकारी आणि नापीक जमिनीवर काढलेले विमेही निघाले. २०२५ च्या खरिपापासून पुन्हा खरिपाला २, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आहे, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर. चोर पकडायचे सोडून दार बंद केलं, असं माझं मत.

कुठल्या सरकारी खर्चाबद्दल कुणीच बोलत नाही?

वाणांबद्दल. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रावर निघालेलं सोयाबीन केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, आज कुठवर गेलं आहे बघा. बदनापूरची बीडीएन ७११ तूर लवकर येते म्हणून कोरडवाहू पट्ट्यात चालते. राजगुरुनगरच्या केंद्राचे भीमा मालिकेतले कांदे. कोइम्बतूरला तयार झालेला को ८६०३२ ऊस तर आपल्या साखर कारखानदारीचा कणाच झाला, तो तमिळनाडूतल्या केंद्र सरकारच्या संस्थेतून आला हे कितीजणांना माहीत असतं?

या पैशाला अर्ज लागत नाही, सातबारा लागत नाही. सोयाबीनचं, हरभऱ्याचं सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बी एका शेतकऱ्याने आणलं की पुढच्या वर्षी पाचजण त्याच्याकडून पायलीने नेतात. वाटेकरी नेतो, बाईही नेते. आणि याच विद्यापीठांत शास्त्रज्ञांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. त्यासाठी मोर्चा निघाल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी शेंगेन फॅन आणि पीटर हेझेल यांच्याबरोबर देशभरातल्या राज्यांच्या खर्चाचा अभ्यास केला होता. गरिबी कमी करण्यात सर्वाधिक परिणाम ग्रामीण रस्त्यांवरच्या खर्चाचा दिसला आणि शेतीची उत्पादकता वाढवण्यात कृषी संशोधनाचा. पाणंद, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, चिखलात गेल्यामुळे ज्याचा ऊस तोडायला टोळी आली नाही, त्याला पहिला निष्कर्ष पटायला अडचण येणार नाही. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ धरून तहसीलदाराकडे जाता येतं.

ग्रामपंचायतीला किती पैसा आला ते कसं कळेल?

मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडा, जिल्हा-तालुका-गाव निवडा. कुठल्या कामावर किती खर्च पडला ते दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी नियम घातला की ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच, उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. महाराष्ट्रात या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती, जिल्हा परिषदेला. निवडून आलेलं सभागृह नसेल तर निधी अडतो, आणि आपल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला होता.

मोबाइलवरचा आकडा घेऊन ग्रामसभेत जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सहसा ठरलेल्या. "भ्रष्टाचार झाला" असं म्हणून उठलात तर भांडण होईल आणि सभा संपेल. त्यापेक्षा एकच काम धरा. आमच्याकडे एका बाईंनी विचारलं होतं: "हापशाजवळच्या गटाराची मोजमाप पुस्तिका दाखवा, त्यात लांबी किती लिहिली आहे?" उत्तर आलं, ९० मीटर. बाई म्हणाल्या, "चला, मोजून येऊ." चाळीसेक माणसं उठून टेप घेऊन गेली. गटार ६२ मीटर भरलं. उरलेलं दिवाळीच्या आत झालं.